समिटबाईंची ३८ वर्षं आणि आपल्या कॉलेजची जिमखाना फी

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर संध्याकाळी निवांत वाचा.

गावातल्या एखाद्या मुलीने स्पर्धा जिंकली की चौकात फ्लेक्स लागतो. मी तो फ्लेक्स शेवटपर्यंत वाचते, अगदी खालच्या बारीक अक्षरांतल्या ‘शुभेच्छुक’ मंडळींसकट. आमदार असतात, नगरसेवक असतात, संस्थेचे चेअरमन असतात, कुठल्याशा पतसंस्थेचे व्हाईस चेअरमनही असतात. त्या मुलीला पहाटे सहाला मैदानावर उभं करून शिकवणारं माणूस बहुतेक वेळा नसतं. असलंच तर फोटोच्या कडेला, अर्धं कापलेलं. म्हणून आज एका कोचबद्दल लिहितेय. परदेशातल्या आहेत, पण विषय आपल्या दारापर्यंत येतो.

पॅट समिट. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला त्यांनी १९७४ ते २०१२ अशी सलग ३८ वर्षं शिकवलं. १०९८ सामने जिंकले, २०८ हरले. राष्ट्रीय विजेतेपदं आठ. त्यांच्या खेळाडू त्यांना सरळ ‘पॅट’ म्हणायच्या, तिकडे तशीच पद्धत. माझ्याने ते होणार नाही. शिकवणाऱ्या बाईंना आपण बाई म्हणतो, त्यामुळे या पोस्टपुरत्या त्या समिटबाई.

यूट्यूबवर बाईंचे ढीगभर व्हिडिओ सापडतील. मागे व्हायोलिन वाजतंय आणि शब्द तेच: जिद्द, शिस्त, ती करारी नजर. आता जिद्द होती हे कोण नाकारतंय? पण जिद्दी बाया आपल्या आळीतही दहा सापडतील. समिटबाईंच्या जिद्दीला नोकरी मिळाली, ती नोकरी टिकली, आणि त्यामागे एक कायदा उभा होता. हे त्या व्हिडिओंत येत नाही, आणि मला नेमकं त्याच्याबद्दलच बोलायचंय.

बाई १९५२ सालच्या. शेतकऱ्याचं घर, तंबाखूचं पीक, गाई, पाच भावंडं. वरचे तिघे भाऊ. गवताच्या माळ्यावर त्यांच्याबरोबर बास्केटबॉल खेळत मोठ्या झाल्या. ज्या भागात राहत होते तिथल्या शाळेत मुलींचा संघच नव्हता, तर वडिलांनी काय करावं? घर हलवलं. हेन्रिएटा नावाच्या गावी राहायला गेले, कारण तिथल्या शाळेत पोरीला खेळता येणार होतं. हे वडील म्हणजे फार कडक माणूस, कौतुकाचा शब्द तोंडातून निघायची मारामार. पण मुलीच्या खेळासाठी बिऱ्हाड उचललं. आपल्याकडे मुलाच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहणारे आईबाप पाहिलेत, मुलीच्या खेळासाठी घर बदललेले मी तरी पाहिले नाहीत.

पुढे कॉलेज. भावांना खेळाच्या जोरावर स्कॉलरशिप मिळाली. बाईंना नाही, कारण मुलींसाठी खेळाची स्कॉलरशिप नावाची गोष्टच तेव्हा नव्हती. त्यांची फी आईवडिलांनी खिशातून भरली. एकाच घरातली भावंडं, एकाच माळ्यावर खेळलेली. एकाचं शिक्षण खेळाने केलं आणि दुसरीच्या खेळाचा घराला खर्च झाला.

१९७४ मध्ये बाई २२ वर्षांच्या होत्या. टेनेसी विद्यापीठात पुढचं शिकायला आणि संघाला मदत करायला म्हणून आल्या, तेवढ्यात आधीच्या मुख्य कोच रजेवर गेल्या आणि संघ यांच्या गळ्यात पडला. महिन्याला २५० डॉलर. एम.ए.च्या तोडीचा स्वतःचा अभ्यास, शारीरिक शिक्षणाचे तास घ्यायचे, शिवाय गुडघ्याचं दुखणं. त्याच वर्षी खेळताना गुडघा गेला होता आणि ऑलिंपिकचं स्वप्न अजून सुटलं नव्हतं. संघाची गाडी बाईच चालवणार, खेळून आल्यावर कपडे बाईच धुणार. मुलींच्या अंगावरचे युनिफॉर्म आधीच्या वर्षी डोनट विकून घेतलेले. बाहेरगावी सामना असला की हॉटेलचे पैसे नाहीत म्हणून आदल्या रात्री समोरच्या संघाच्या जिममध्येच जमिनीवर पथाऱ्या. पहिला सामना एका गुणाने हरल्या, ८४-८३.

आता हे वाचून ‘बघा, परिस्थितीवर मात’ असं लिहायला कोणाचीतरी बोटं शिवशिवत असतील. कृपया नको. याच विद्यापीठात त्याच वर्षी पुरुषांच्या फुटबॉल संघाला डोनट विकावे लागत नव्हते. ही परिस्थिती आभाळातून पडलेली नव्हती, कोणीतरी बजेटच्या कागदावर सही करून ती तयार केली होती.

सही बदलायला लावली ती एका कायद्याने. २३ जून १९७२ ला अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचं कलम मंजूर झालं. इंग्रजीत मोजून ३७ शब्द आहेत. अर्थ एवढाच की सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत मुलगी आहे म्हणून कोणाला वगळायचं नाही, कोणाला कमी द्यायचं नाही. गंमत म्हणजे त्या ३७ शब्दांत ‘खेळ’ हा शब्दच नाही. प्रवेश, नोकऱ्या, वैद्यकीय आणि कायद्याच्या शिक्षणातल्या जागा डोळ्यांपुढे ठेवून तो केला होता. पण शाळा-कॉलेजात मैदानही असतं, आणि मैदानावर मुलींच्या वाट्याला काय येतं हे मोजायला सुरुवात झाल्यावर हिशेब लपवता येईना.

कायदा आला तेव्हा अमेरिकेतल्या हायस्कूलच्या संघांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या. आज तो आकडा ३० लाखांच्या पुढे आहे. मुलींची जात बदलली का मधल्या काळात? रक्त बदललं? त्याच मुली, फक्त संघ असायला लागला, मैदानावर वेळ मिळायला लागला आणि कोचला पगार.

विरोध किती झाला तोही सांगते, कारण आपल्याला वाटतं तिकडे सगळं सुरळीत झालं. आज जी एनसीएए संघटना महिला बास्केटबॉलच्या जाहिराती करते, तीच सत्तरच्या दशकात या कायद्याच्या विरोधात लॉबिंग करत होती आणि कोर्टातही गेली होती. म्हणे मुलींना वाटा दिला तर मुलांचे खेळ बुडतील. बुडले काहीच नाहीत. मुलींच्या स्पर्धा तोवर बायकांनी चालवलेली वेगळी संघटना घेत होती. कायदा हटत नाही असं दिसल्यावर एनसीएएने १९८१-८२ च्या हंगामापासून मुलींच्या स्पर्धा स्वतःच सुरू केल्या आणि ती बायकांची संघटना बंद पडली. हा डाव ओळखीचा वाटतोय ना? आधी विरोध करायचा, मग अध्यक्षस्थानी बसायचं.

शाळांमध्ये तर आणखी मजा. टेनेसीत त्या काळात शाळेच्या मुली पाच-पाच जणींचा बास्केटबॉल खेळतच नव्हत्या. सहा-सहा जणी, मैदानाचे दोन भाग. तिघींनी फक्त बास्केट करायचं, तिघींनी फक्त अडवायचं, मधली रेष ओलांडायची नाही. का, तर पूर्ण मैदान धावणं मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही! या नियमाविरुद्ध समिटबाई उघड बोलल्या. अर्धं मैदान खेळून आलेल्या मुली घेऊन मी कॉलेजात करू काय, हा त्यांचा साधा मुद्दा. टेनेसीत तो नियम सत्तरच्या दशकाच्या शेवटी गेला. ओक्लाहोमा राज्यात १९९५ पर्यंत होता. १९९५! आपल्याकडे केबल टीव्ही येऊन गेला होता तोवर.

गुडघ्याची गोष्ट राहिलीच. तो बरा करून १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बाई खेळल्या, संघाच्या सहकर्णधार म्हणून, आणि रौप्यपदक घेऊन आल्या. ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉलच त्या वर्षी पहिल्यांदा आलं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेच्या संघाच्या कोच म्हणून गेल्या तेव्हा सुवर्ण.

पण मला या सगळ्या करिअरमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुठला वाटतो सांगू? आठ विजेतेपदं नाहीत, १०९८ विजयही नाहीत. तेरा. १९७४ ला संघ हातात आला आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९८७ ला मिळालं. मधल्या तेरा वर्षांत सात वेळा शेवटच्या चार संघांत जाऊन त्या रिकाम्या हाताने परत आल्या. ‘मोठ्या सामन्यात हिचा संघ ढेपाळतो’ हे बोलणं झालंच असणार, लोक तिकडचेही लोकच. पण विद्यापीठाने त्यांना काढलं नाही. त्या विद्यापीठात मुलींच्या खेळांचा विभाग वेगळा होता, त्याचं बजेट वेगळं, त्याच्या प्रमुखपदी बाई. समिटबाईंनी स्वतःची जागा राखण्यासाठी मुलांच्या फुटबॉलच्या साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळावं लागेल अशी रचनाच नव्हती. १९८७ नंतर मग ८९, ९१, ९६, ९७, ९८, २००७, २००८. पाट्या लागत गेल्या. १९९८ चा संघ ३९ पैकी ३९ सामने जिंकला. त्याच्या आदल्या वर्षीचा संघ हंगामात दहा सामने हरूनही विजेता ठरला होता, आणि मला खरं कौतुक त्या दहा वेळा हरलेल्या संघाचं जास्त आहे.

आपल्याकडे मुलींच्या संघाच्या कोचला तेरा वर्षं कोण देतं? तेरा वर्षं सोडा, तेरा महिने?

माझं सांगते. मी कॉलेजला तिन्ही वर्षं बास्केटबॉलच्या संघात होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण हे एका कॉलेजचं गाऱ्हाणं नाही, तुमच्याही कॉलेजात हेच झालं असेल. पहिल्या वर्षी आम्हाला एक मॅडम होत्या, तासिका तत्त्वावर. स्वतः विद्यापीठाकडून खेळलेल्या. त्यांनी आम्हाला सहा महिन्यांत जे शिकवलं त्यावर आम्ही झोनल जिंकली. दिवाळीची सुट्टी संपली आणि मॅडम आल्याच नाहीत. एका खासगी शाळेत कायमची नोकरी मिळाली होती, गेल्या. कोणत्या तोंडाने अडवणार? तासिकांचे पैसे चार-चार महिने निघत नव्हते. पुढची दोन वर्षं आम्हाला स्पोर्ट्सचे सर होते. माणूस चांगला, पण मुलांच्या क्रिकेटमधून वेळ उरला तर आमच्याकडे. बॉल दोन होते, त्यातला एक हवा धरत नसे. आंतरविभागीय स्पर्धेला निघताना आम्हाला मुलांच्या संघाचे जुने टी-शर्ट मिळाले, माझा गुडघ्यापर्यंत यायचा. आमच्या संघातली आमच्यापेक्षा खूप सरस खेळणारी एक मुलगी होती, उंच, डाव्या हाताची. ती कुठपर्यंत गेली असती हे आता कोणालाच कळणार नाही. ती मॅडमच्या हाताखाली अजून दोन वर्षं असती तर, एवढंच वाटत राहतं.

समिटबाईंकडे परत येते.

त्यांच्याकडे नियम होता की वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं आणि विनाकारण तास बुडवायचा नाही. बुडवला तर सामन्यात बाहेर. त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. प्रत्येक. ३८ वर्षांत. टॅमिका कॅचिंग्ज नावाची त्यांची मोठी खेळाडू जन्मापासून कमी ऐकू येणारी. लहानपणी चिडवतात म्हणून तिने कानातलं यंत्र काढून टाकलं होतं. तिला ते पुन्हा वापरायला बाईंनी समजावलं. ही कामं स्कोअरबोर्डवर दिसत नाहीत, आणि तीन महिन्यांसाठी आलेला कोच ती करूही शकत नाही, कारण पोरगी यंत्र का लावत नाही हे कळायलाच वर्ष जातं.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. बाईंची ती प्रसिद्ध नजर, ओरडणं, मुलींना रडकुंडीला आणणं, याचे किस्से त्यांच्याच खेळाडू हसत हसत सांगतात. मला त्यातले काही हसण्यासारखे वाटत नाहीत. आणि तो बाळंतपणाचा किस्सा तर सगळे फार अभिमानाने सांगतात: १९९० मध्ये दिवस भरलेले असताना बाई एका चांगल्या खेळाडूला आपल्या संघात आणायला विमानाने पेनसिल्व्हेनियात तिच्या घरी गेल्या, तिथेच कळा सुरू झाल्या, तरी बोलणं पुरं करून परतीच्या विमानात बसल्या आणि वाटेत कुठे उतरायला नकार देत टेनेसीत पोचून बाळंत झाल्या. ऐकायला थरारक आहे. पण पुरुष कोचला आपली निष्ठा सिद्ध करायला असलं काही करावं लागत नाही. गेल्याच वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, त्याच विद्यापीठाच्या आताच्या कोच बाळंतपणानंतर आठवडाभरात मैदानावर उभ्या होत्या. त्यांचं कौतुक झालं. मला बातमी वाचून आधी कंबर दुखली.

आता पैशाचा भाग, जो मला सगळ्यात जास्त सांगायचा होता.

कायदा आला त्या सुमारास अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या संघांना शिकवणाऱ्या कोचपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. आज त्या निम्म्याही नाहीत, चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. वाचताना दचकलात ना? मी पण दचकले होते. मुलींचा खेळ वाढवणारा कायदा आला, मुली दसपटीने वाढल्या, आणि त्यांना शिकवणाऱ्या बायकांचा वाटा निम्म्याहून खाली आला. कारण फार गूढ नाही. कोचचं काम २५० डॉलर, गाडी चालवणं आणि कपडे धुणं एवढं होतं तोवर ते ‘बायकांचं काम’ होतं. पगार आला, गाडीला ड्रायव्हर आला, टीव्ही आला, आणि पुरुषांचे अर्ज यायला लागले. अर्ज निवडणारेही बहुतेक पुरुषच. उलट बाजूने मुलांच्या संघाला शिकवणाऱ्या बायका मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात.

म्हणजे स्वयंपाकासारखंच झालं. घरी केला तर बाईचं कर्तव्य, हॉटेलात पगार लागला की आचारी पुरुष.

पुरुष कोच वाईट असतात असं म्हणत नाहीये. कनेक्टिकट विद्यापीठाचे जिनो ऑरिएमा हे बाईंचे मोठे प्रतिस्पर्धी, त्यांनी तर विजयांच्या संख्येत सगळ्यांनाच मागे टाकलंय. उत्तम शिकवतात. पण खेळून बाहेर पडलेल्या हजारो मुलींना ‘मीही हे काम करू शकते’ असं वाटायला समोर तसं कोणी दिसावं लागतं. समिटबाईंच्या हाताखालून निघालेल्या कितीतरी मुली पुढे कोच झाल्या. त्यांच्यानंतर टेनेसीचा संघ सांभाळणाऱ्या हॉली वॉर्लिक त्यांच्याच जुन्या खेळाडू, नंतरच्या केली हार्परही.

टेनेसीच्या मुलांच्या संघाचं कोचपद बाईंपुढे दोनदा आलं होतं म्हणतात. त्यांनी घेतलं नाही. मुलांना शिकवणं म्हणजे बढती असं का समजायचं, असा त्यांचा सवाल होता. २००६ मध्ये त्यांचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर गेला. महिला बास्केटबॉलच्या कोचला एवढा पगार पहिल्यांदाच मिळाला, तोही मुलींच्या संघाबरोबर राहून.

तरीही एक हिशेब ऐका. एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलांचा संघ जितके सामने खेळेल त्याप्रमाणे त्याच्या विद्यापीठ-गटाला पैसे मिळतात, ही पद्धत १९९१ पासून आहे. मुलींच्या स्पर्धेला तीच पद्धत कधी लागू झाली? २०२५. म्हणजे समिटबाईंच्या आठ विजेतेपदांपैकी एकाचाही असा पैसा कधी आला नाही. त्यातली सहा तर १९९१ पासूनची आहेत, शेजारी मुलांच्या खात्यात पैसे जमा होत असतानाची. २०२१ ला एका खेळाडूने व्हिडिओ टाकला होता, आठवतोय का? मुलांना व्यायामासाठी भला मोठा हॉल आणि मुलींना एका कोपऱ्यात डंबेल्सची एक छोटी उतरंड. त्या व्हिडिओनंतर चौकशी झाली, हालचाल झाली. कायद्याला तेव्हा ४९ वर्षं झाली होती.

बाईंचा शेवट चटका लावणारा आहे. २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांना अल्झायमर झाल्याचं निदान झालं. हजारो डावपेच डोक्यात ठेवणाऱ्या बाईंना स्मृतिभ्रंश. त्यांनी ते लपवलं नाही, जाहीर सांगितलं आणि सहकाऱ्यांच्या आधाराने आणखी एक हंगाम पुरा केला. २०१२ ला पद सोडलं. २८ जून २०१६ ला गेल्या, ६४ वर्षांच्या होत्या.

पण आपल्या कामाची गोष्ट त्याच दोन-चार वर्षांत शेजारी घडली. विद्यापीठाने मुलींच्या खेळांचा तो स्वतंत्र विभाग मुलांच्या विभागात विलीन केला. जुन्या अनुभवी बायका नोकऱ्यांतून गेल्या, काहींनी भेदभावाचे दावे लावले आणि त्यात तडजोडी झाल्या. मग २०१४ मध्ये जाहीर झालं की मुलींच्या संघांचं ‘लेडी व्हॉल्स’ हे नावही काढायचं, फक्त बास्केटबॉलपुरतं ठेवायचं. एकच ब्रँड हवा, हे कारण. माजी खेळाडू आणि गावातले लोक तीन वर्षं भांडले आणि २०१७ ला नाव परत मिळालं. नाव मिळालं, वेगळा विभाग मात्र मिळाला नाही. बाईंच्या नावाने कोर्ट आहे, रस्ता आहे, पुतळा आहे. ज्या रचनेने त्यांना तेरा वर्षं सांभाळलं ती रचना नाही. पुतळा उभारायला आपण काय आणि ते काय, सगळेच तत्पर.

आता आपल्या दारात या.

अमेरिकेची नक्कल करा असं माझं म्हणणं नाही. तिथला कॉलेजचा खेळ हा हजारो कोटींचा धंदा आहे, त्याचे स्वतःचे रोग आहेत. पण तिथली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. १९९४ मध्ये तिथे आणखी एक कायदा झाला: कॉलेजांनी दरवर्षी जाहीर करायचं की खेळात मुली किती, मुलगे किती, कोणावर किती खर्च, कोणाच्या कोचला किती पगार. बस, एवढंच. आकडे कोणालाही पाहता येतात. त्या आकड्यांवर पालक प्रश्न विचारतात, वकील नोटिसा काढतात, पत्रकार बातम्या करतात.

आपल्याकडे प्रवेशाच्या पावतीवर ‘जिमखाना’ अशी ओळ असते. तुमच्या लेकीची पावती घरात असेल तर काढून बघा. ती फी मुलगी आणि मुलगा दोघांकडून सारखीच घेतात. मुलींना त्यात सवलत नसते. मग खर्च? तो मुलींवर किती, मुलांवर किती, हे कुठल्या कॉलेजच्या नोटीसबोर्डावर तुम्ही पाहिलंय? मुलींच्या संघाला कोच आहे की नाही, असेल तर कायम की तासिकेवर, मानधन वेळेवर निघतं का, प्रवासाला टीए-डीए मिळतो का, मैदान कोणत्या वेळेला मुलींचं असतं? (वेळ विचारा. ‘मैदान सगळ्यांना खुलं आहे’ हे उत्तर मी दहा वेळा ऐकलंय. संध्याकाळी पाच ते सात तिथे क्रिकेटची तीन पिचं पडलेली असतात.)

पुण्याच्या शिरीन लिमये भारताच्या महिला बास्केटबॉल संघाच्या कर्णधार झाल्या. म्हणजे मुली आपल्याकडेही त्या तोडीच्या होतात. पण त्यांच्यामागून किती जणी येतील हे नशिबावर सोडायचं, की तालुक्याच्या कॉलेजात एका बाईला पूर्ण पगाराची जागा देऊन दहा वर्षं निर्धास्त काम करू द्यायचं, हा निर्णय संस्थेच्या मीटिंगमध्ये होतो. आपल्यापैकी काही जण त्या मीटिंगला बसतात, मला माहीत आहे, तुम्ही ही पोस्टही वाचताय. शारीरिक शिक्षणाची जागा निवृत्तीनंतर किती वर्षं रिकामी आहे ते पुढच्या सभेत विचारा की. भरायची वेळ येईल तेव्हा एखादी चांगली खेळलेली, शिकलेली बाई अर्ज करेल. तिला ‘मॅडम, संध्याकाळी उशीर होतो, टूरला जावं लागतं, जमेल का’ असं विचाराल, तर तोच प्रश्न पुढच्या सरांनाही विचारा.

मी तालुक्यातल्या तीन अनुदानित कॉलेजांना मागच्या सोमवारी माहितीच्या अधिकाराचे अर्ज दिलेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, पोच घेतली. चारच मुद्दे विचारलेत: गेल्या तीन वर्षांत जमा झालेली जिमखाना फी, त्यातून मुलींच्या आणि मुलांच्या संघांवर झालेला वेगवेगळा खर्च, दोन्हीकडच्या मार्गदर्शकांची नेमणूक कोणत्या स्वरूपाची, आणि त्यांना दिलेलं मानधन तारखांसह. एका ठिकाणी क्लार्कने विचारलं, “ताई, हे कशाला हवंय?” मी म्हटलं, मुलींच्या बास्केटबॉलसाठी. तो म्हणाला, “आपल्याकडे मुलींचं बास्केटबॉल आहे?” त्याच्या मागच्या भिंतीवर ट्रॉफ्यांचं कपाट होतं.

तीस दिवसांची मुदत आहे. उत्तरं आली की जशीच्या तशी इथे टाकते. तुमच्या गावातल्या कॉलेजसाठी अर्जाचा नमुना हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते.